जावा ऑब्जेक्ट आणि एक्सएमएल यांच्या जोडणीसाठी कोणते साधन निवडावे?

कडीकोयंडा

नमस्कार. आमच्याकडे जावा ८ वर चालणारी एक जुनी प्रणाली असून ती जावा १७ वर नेण्याचे काम माझ्या गटाकडे आले आहे. या प्रणालीत एक्सएमएल (टॅगांमध्ये माहिती लिहिण्याचे स्वरूप) तीन ठिकाणी वापरले जाते आणि तिन्ही ठिकाणी ते निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या पद्धतीने हाताळलेले आहे.

पहिला वापर आयएसओ २००२२ (आर्थिक संदेशांचे आंतरराष्ट्रीय मानक) च्या संदेशांचा. दुसऱ्या संस्थेला पैसे पाठवण्याच्या सूचना आम्ही या स्वरूपात देतो, त्यांची एक्सएसडी (एक्सएमएलची रचना सांगणारी स्कीमा) ठरलेली आहे आणि तिच्यातले एक अक्षरही आम्हाला बदलता येत नाही. इथे सध्या जॅक्सबी (जावा ऑब्जेक्ट आणि एक्सएमएल जोडणारे जावाचे प्रमाणित साधन) आहे. दुसरा वापर आमच्याच अंतर्गत सेटिंगच्या फायलींचा. त्यांना स्कीमा नाही, जे जावा क्लास आहेत तेच एक्सस्ट्रीम या साधनाने लिहून ठेवले जातात. तिसरा वापर रोज येणाऱ्या एका मोठ्या फायलीचा. ती काहीशे मेगाबाइटची असते आणि आजवर डॉम पद्धतीने संपूर्ण मेमरीत घेतली जाते, त्यामुळे महिनाअखेरीस फाइल फुगली की प्रोग्राम मेमरी संपल्याचे सांगून बंद पडतो.

या निमित्ताने तिन्ही ठिकाणी एकच साधन आणावे, अशी वरिष्ठांची इच्छा आहे. जेसन या माहितीच्या दुसऱ्या स्वरूपासाठी आम्ही सर्वत्र जॅक्सन हे साधन वापरतोच, त्यामुळे त्याचेच एक्सएमएल मॉड्यूल घ्यावे याकडे माझा कल आहे. कॅस्टर, जिबिक्स, एक्सएमएलबीन्स ही नावेही शोधताना समोर आली. ज्यांनी ही निवड केली आहे आणि तिची फळे भोगली आहेत, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

जुनेखोड

आपण साधनांची यादी दिलीत, पण तिच्याआधी विचारायचा एक प्रश्न राहून गेला आहे असे मला वाटते. एक्सएमएलचा आकार कोण ठरवतो? तो बाहेरच्या कुणी एक्सएसडीत ठरवून दिलेला असेल तर आपले जावा क्लास हे त्या स्कीमाचे चाकर असतात आणि ते स्कीमावरूनच तयार व्हायला हवेत. उलट, आकार आपलाच असेल आणि एक्सएमएल हे केवळ साठवणुकीचे माध्यम असेल, तर क्लास हे मूळ आणि एक्सएमएल ही त्याची सावली. आपल्या पहिल्या आणि दुसऱ्या वापरात नेमका हाच फरक आहे. म्हणून दोन्हींना एकच साधन लावण्याचा आग्रह मला तरी सोयीपेक्षा नीटनेटकेपणाच्या हौसेतून आलेला दिसतो.

थोडा इतिहास सांगतो, कारण आज दिसणाऱ्या बऱ्याच अडचणींचे मूळ त्यात आहे. जॅक्सबीची पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली. ती पूर्णपणे स्कीमावर बेतलेली होती. तिने तयार केलेल्या कोडमध्ये इंटरफेस वेगळे आणि त्यांची अंमलबजावणी वेगळी असे, आणि ते वाचणे हा एक छळ होता. कॅस्टर त्याआधीपासूनच होते. जिबिक्स, एक्सएमएलबीन्स, एक्सस्ट्रीम ही मंडळी त्याच काळात पुढे आली. २००६ मध्ये जॅक्सबी २ आले, त्याने अ‍ॅनोटेशनचा (म्हणजे कोडवर लावायच्या सूचनांचा) मार्ग धरला, साधे जावा क्लास चालतील असे केले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी जावा ६ मध्ये ते थेट जेडीकेचा (जावाच्या मूळ संचाचा) भाग झाले. त्यानंतर बाकीच्यांची गरज झपाट्याने ओसरली. त्यामुळे त्या काळातले तुलनात्मक लेख वाचून आज निर्णय घेऊ नये. त्यातले अर्धे उमेदवार रिंगणातच नाहीत.

माझे मत सरळ आहे. आयएसओ २००२२ साठी जॅक्सबी, आणि तेही एक्सजेसी या जॅक्सबीच्याच साधनाने स्कीमावरून निर्माण केलेल्या क्लाससह. सेटिंगच्या फायलींसाठी जॅक्सन खुशाल घ्यावे.

अर्धविराम

जुनेखोड यांच्या प्रश्नाची मांडणी पटली, उत्तर मात्र पूर्ण पटले नाही. आम्ही बाहेरून ठरलेल्या स्वरूपासाठीही जॅक्सन वापरतो आणि ते सुरळीत चालते. संदेशातील शंभर एलिमेंटपैकी आम्हाला बारा लागतात. त्या बारांसाठी हाताने लिहिलेले तीन नेटके क्लास मला एक्सजेसीने ओतलेल्या शेकडो क्लासपेक्षा अधिक प्रिय आहेत. शिवाय जॅक्सनला २.१२ आवृत्तीपासून रेकॉर्ड (न बदलणारी मूल्ये धरणारे जावा क्लास) कळतात. जॅक्सबीला आजही विनापॅरामीटर कन्स्ट्रक्टर लागतो, म्हणजे न बदलणारे ऑब्जेक्ट हवे असतील तर प्रत्येकासाठी अ‍ॅडॅप्टर लिहीत बसा.

कडीकोयंडा

दोघांचेही आभार. अर्धविराम, आपण संदेश फक्त वाचता की लिहितासुद्धा? आम्हाला ते मुख्यतः लिहायचे आहेत. आणि जेसनच्या सवयीने एक्सएमएल हाताळताना नेमके कुठे ठेच लागते, हे कुणी उदाहरणासह सांगू शकेल का?

अर्धविराम

फक्त वाचतो. लिहिण्याच्या बाबतीत माझा आग्रह थोडा सैल करतो.

पानगळ

ठेच कुठे लागते ते सांगतो. माझ्या पायाला त्यातल्या बऱ्याच लागून झाल्या आहेत.

पहिली लिस्टची. जेसनमध्ये ॲरे ही स्वतंत्र गोष्ट आहे. एक्सएमएलमध्ये ॲरे नाही, एकच एलिमेंट पुन्हा पुन्हा येते एवढेच. ते एकदाच आले तर ती एका घटकाची लिस्ट आहे की एकटे एलिमेंट, हे स्कीमा पाहिल्याशिवाय कळत नाही. क्लास बांधलेला असेल तर जॅक्सनला हे समजते, पण क्लास न वापरता मोकळ्या झाडासारखे वाचायला गेलात तर २.१२ पूर्वीच्या आवृत्तीत पुन्हा आलेल्या एलिमेंटपैकी फक्त शेवटचे हाती लागत असे, आणि बाकीचे निमूटपणे गळून जात. त्यात भर म्हणजे लिस्टभोवती वेष्टन घालावे की नाही, याबाबत दोन्ही साधनांचे मूळ धोरण उलटे आहे. जॅक्सन न सांगता बाहेरचे एलिमेंट घालते. जॅक्सबी सांगितल्याशिवाय घालत नाही. एकावरून दुसऱ्यावर जाताना पहिल्या दिवशी हेच मोडते.

दुसरी क्रमाची. एक्सएसडीत सीक्वेन्स लिहिलेला असेल तर एलिमेंटचा क्रम हा नियम असतो, आणि क्रम चुकलेला संदेश समोरचा नाकारतो. एक्सजेसीने बनवलेल्या क्लासवर हा क्रम अ‍ॅनोटेशनमध्ये आपोआप नोंदलेला असतो. जॅक्सनमध्ये तो आपण हाताने लिहायचा, आणि पुढे फील्ड वाढवले की त्या यादीतही आठवणीने वाढवायचे.

तिसरी रिकामेपणाची, आणि ही सर्वांत चिवट आहे. एक्सएमएलमध्ये एलिमेंट मुळातच नसणे, असून रिकामे असणे आणि ते निल आहे असे स्पष्ट सांगणे या तीन वेगळ्या अवस्था आहेत, पण जावाच्या फील्डमध्ये त्यांना बसायला नल आणि रिकामी स्ट्रिंग अशा दोनच खुर्च्या आहेत. रिकाम्या एलिमेंटला नल समजावे का, याचे जॅक्सनचे मूळ उत्तर २.१२ मध्ये बदलले. आवृत्ती वाढवल्यावर ज्यांच्या चाचण्या अचानक पडल्या, त्यांतला मी एक.

चौथी गोष्ट मजकूर आणि अ‍ॅट्रिब्यूट एकत्र असण्याची. आपल्या संदेशात रक्कम हा एलिमेंटचा मजकूर असतो आणि चलन हे त्याच एलिमेंटचे अ‍ॅट्रिब्यूट. जेसनमध्ये अशी रचनाच नाही, त्यामुळे जॅक्सनमध्ये त्यासाठी खास एक्सएमएलची अ‍ॅनोटेशन लावावी लागतात. म्हणजे 'एकाच क्लासवर एकाच अ‍ॅनोटेशनने जेसन आणि एक्सएमएल दोन्ही' हे जे आकर्षण आहे, ते साध्या उदाहरणापलीकडे फारसे टिकत नाही. मजकुराच्या मधोमध एलिमेंट येणारी मिश्र रचना असेल, तर जॅक्सनचा नाद सोडावा हे उत्तम.

जुनेखोड

पानगळ यांनी जॅक्सनची बाजू तपासली, तेव्हा न्यायाने जॅक्सबीचीही तपासायला हवी. जॅक्सबीचा सर्वांत मोठा दोष म्हणजे त्याचे मौन. अनोळखी एलिमेंट आले तर जॅक्सन आपण होऊन तक्रार करते. जॅक्सबी ते सोडून देते. इतकेच नव्हे, तर संख्येच्या फील्डमध्ये अक्षरे आली तरी मूळ सेटिंगमध्ये जॅक्सबी थांबत नाही, फील्ड तसेच ठेवून पुढे जाते.

नेमस्पेसच्या (एलिमेंटचे नाव कोणत्या संचातले हे सांगणाऱ्या खुणेच्या) बाबतीत हे मौन फार महाग पडते. एकदा एका सहकाऱ्याने निर्माण झालेले क्लास दुसऱ्या पॅकेजमध्ये हलवले, पण पॅकेजची माहिती सांगणारी छोटी फाइल, जिच्यात नेमस्पेस आणि एलिमेंट नेमस्पेससह लिहायची की नाही हे असते, ती मागेच राहिली. कोड कंपाइल झाला, प्रोग्राम चालला, एकही एरर आला नाही, आणि प्रत्येक ऑब्जेक्टमधले प्रत्येक फील्ड नल होते. आम्ही दोन दिवस डेटाबेसमध्ये चूक शोधत होतो.

त्यामुळे जॅक्सबी घेतलेत तर अनमार्शलरला (एक्सएमएल वाचून ऑब्जेक्ट बनवणाऱ्या भागाला) स्कीमा देणे आणि तपासणीच्या घटना ऐकणारा हँडलर लावणे ही ऐच्छिक गोष्ट मानू नका. लिहितानाही मार्शलरला स्कीमा देता येते. चुकीचा संदेश आपल्याच दारात अडला तर तो समोरच्या संस्थेकडून परत येण्याची वाट पाहावी लागत नाही.

कुलूपकिल्ली

सेटिंगच्या फायली एक्सस्ट्रीमने लिहिल्या जातात असे आपण म्हणालात, त्याबद्दल थोडे कडक बोलतो. ती एक्सस्ट्रीमची आवृत्ती कोणती आहे ते आजच पाहावे.

एक्सस्ट्रीमचे सौंदर्य हे की काहीही न सांगता ते कोणताही ऑब्जेक्ट एक्सएमएलमध्ये लिहिते आणि परत उभा करते. त्याचा धोकाही तोच. कोणत्या क्लासचा ऑब्जेक्ट उभा करायचा हे एक्सएमएलच सांगत असल्याने, ती फाइल ज्याच्या हातात तो आपल्या प्रोग्राममध्ये हवा तो ऑब्जेक्ट उभा करू शकतो, आणि काही क्लासची साखळी जुळवून थेट आज्ञा चालवू शकतो. ही त्रुटी २०१३ पासून नोंदलेली आहे. सुरुवातीला उपाय म्हणून धोकादायक क्लासची काळी यादी ठेवली जाई. यादी वाढत गेली आणि दर वेळी कुणीतरी नवी पळवाट शोधत गेले. अखेर २०२१ मध्ये १.४.१८ या आवृत्तीपासून धोरण उलटवले गेले आणि आपण परवानगी दिलेल्या क्लासशिवाय, काही मूलभूत प्रकार वगळता, काहीही उभे करायचे नाही असे ठरले. त्याआधीची आवृत्ती असेल आणि फाइल बाहेरून येण्याची थोडीही शक्यता असेल, तर दार उघडे आहे असे समजा.

दुसरी अडचण जावा १७ ची. एक्सस्ट्रीम रिफ्लेक्शनने ऑब्जेक्टच्या आत शिरते आणि जावा १७ ने जेडीकेच्या अंतर्गत भागांत शिरण्याची वाट घट्ट बंद केली आहे. काही कलेक्शन आणि अंतर्गत प्रकारांवर प्रोग्राम थांबेल. सुरू करताना जादा पर्याय देऊन ती वाट पुन्हा उघडता येते. तसे करणे म्हणजे नवे कुलूप बसवून किल्ली दारालाच लटकवून ठेवणे आहे.

आणि टोपणनावे दिली नसतील तर एक्सस्ट्रीम क्लासचे पॅकेजसह पूर्ण नाव टॅग म्हणून लिहिते. जुन्या फायली उघडून पाहा. कुणी पॅकेजचे नाव बदलले की त्या फायली वाचता येणार नाहीत.

कडीकोयंडा

आवृत्ती पाहिली. १.४.७ आहे. पुढे काही लिहीत नाही.

तळटीप

एक्सएमएलबीन्सचा उल्लेख झाला पण कुणी बोलले नाही. २००३ मध्ये बीईए कंपनीने ते अपाचेला दिले, २०१४ मध्ये ते अपाचेच्या माळ्यावर निवृत्त होऊन पडले आणि २०१८ मध्ये पीओआय प्रकल्पाने, स्वतः त्यावर अवलंबून असल्यामुळे, खाली उतरवून पुन्हा चालू केले. एक्सेल आणि वर्डच्या नव्या स्वरूपाच्या फायली जावातून हाताळणाऱ्या पुष्कळ जणांच्या प्रोग्राममध्ये ते आजही आहे, फक्त त्यांना ते माहीत नसते.

त्याचे वैशिष्ट्य हे की ते मूळ एक्सएमएल टाकून देत नाही. जॅक्सबी एक्सएमएल वाचते, त्यातून ऑब्जेक्ट काढते आणि बाकीचे, म्हणजे टिपा, अनोळखी एलिमेंट, प्रीफिक्स, विसरून जाते. एक्सएमएलबीन्स मात्र संपूर्ण मजकूर धरून ठेवते आणि आपले क्लास ही त्यावरची एक खिडकी असते. फाइल उघडून एक मूल्य बदलून बाकी सारे जसेच्या तसे परत लिहायचे असेल, तर हा गुण अमूल्य आहे. मेमरी जास्त लागते आणि निर्माण झालेला कोड देखणा नाही.

याच संदर्भात एक सावधगिरी, जी कोणत्याही साधनाला लागू आहे. संदेशावर डिजिटल सही असेल तर तो ऑब्जेक्टमध्ये आणून पुन्हा एक्सएमएलमध्ये लिहू नका आणि सही जुळण्याची अपेक्षा तर मुळीच करू नका. सही तपासायची ती आलेल्या मूळ बाइट्सवर. ऑब्जेक्ट त्यानंतर बनवा आणि मूळ मजकूर वेगळा जपून ठेवा.

अर्धविराम

कॅस्टर आणि जिबिक्सबद्दल एका वाक्यात सांगून टाकतो, म्हणजे विषय मिटेल. जिबिक्स कंपाइल झालेल्या क्लासच्या बाइटकोडमध्ये फेरफार करून वेग मिळवत असे, आणि नव्या जावावर तीच करामत गळ्यात धोंडा होते. कॅस्टरची नकाशा-फाइल ही कल्पना चांगली होती पण आज ते नव्याने घेण्याचे कारण नाही. सिंपल नावाचे छोटे साधन, अँड्रॉइडवर जॅक्सबी नसल्यामुळे, बराच काळ लोकप्रिय होते, त्याची २.७.१ ही आवृत्ती २०१३ ची आहे, यावरून काय ते ओळखावे.

रात्रपाळी

तिसऱ्या वापराबद्दल, म्हणजे मोठ्या फायलीबद्दल, लिहितो. इथे साधन बदलण्यापेक्षा पद्धत बदलणे महत्त्वाचे आहे. डॉम सोडा. स्टॅक्स वाचक घ्या, त्याने फायलीतून पुढे सरकत जा, प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीच्या टॅगवर पोहोचलात की तोच वाचक जॅक्सबीच्या अनमार्शलरच्या हाती द्या आणि अपेक्षित क्लास सांगा. तो तेवढीच एक नोंद ऑब्जेक्टमध्ये देतो. तिच्यावर काम करा, सोडून द्या, पुढे चला. मेमरीत एका वेळी एकच नोंद राहते, फाइल कितीही मोठी असो. लिहितानाही असेच तुकड्यातुकड्याने लिहिता येते. फक्त मार्शलरला 'हा तुकडा आहे' हे सांगणारा गुणधर्म लावावा, नाहीतर प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर एक्सएमएलची घोषणा छापली जाते.

आता ज्या खड्ड्यात मी पडलो तो दाखवतो. अनमार्शलर एक नोंद वाचून परत येतो तेव्हा वाचक त्या नोंदीच्या शेवटच्या टॅगवर नसतो, त्याच्या पुढच्या घटनेवर असतो. माझ्या लूपमध्ये नोंद वाचून झाली की मी पुन्हा एक पाऊल पुढे टाकत होतो. चाचणीची फाइल नीट ओळी पाडून लिहिलेली होती, त्यामुळे दोन नोंदींच्या मधली मोकळी जागा हीच ती पुढची घटना ठरे आणि माझे जादाचे पाऊल त्या मोकळ्या जागेवरून पडे. सारे बरोबर चालले. प्रत्यक्ष वापरात फाइल आली ती एकाही मोकळ्या जागेशिवाय, सलग. तिथे पुढची घटना म्हणजे थेट पुढच्या नोंदीचा सुरुवातीचा टॅग होता आणि माझे जादाचे पाऊल त्यावरून उडी मारत होते. दर दुसरी नोंद गायब. एरर नाही, इशारा नाही, फक्त बेरीज निम्मी. तेव्हापासून चाचणीसाठी मी दोन्ही प्रकारच्या फायली ठेवतो, आणि फायलीच्या शेवटी नोंदींची संख्या येत असेल तर ती मोजून जुळवतो.

जाता जाता दोन गोष्टी. बाहेरून येणारी फाइल वाचणाऱ्या स्टॅक्स कारखान्यात डीटीडी (फायलीतच दिलेले रचनेचे नियम) आणि बाह्य एंटिटी (बाहेरच्या फायलींचे संदर्भ) बंद करून ठेवाव्यात, नाहीतर एखादी फाइल आपल्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या फायली वाचून घेऊ शकते. आणि जॅक्सबी मंद आहे असे जे ऐकू येते, त्यातल्या बहुतेक ठिकाणी प्रत्येक विनंतीमागे जॅक्सबी कॉन्टेक्स्ट नव्याने बनवलेला आढळतो. कॉन्टेक्स्ट बनवणे खर्चिक आहे पण तो अनेक थ्रेडमध्ये निर्धास्त वाटून घेता येतो. तो एकदाच बनवावा. मार्शलर आणि अनमार्शलर मात्र वाटून घेऊ नयेत, ते दर वेळी नवे घ्यावेत. ते स्वस्त असतात.

पानगळ

दर दुसरी नोंद गायब होण्याची ही चूक मी कागदावर तीनदा वाचली तेव्हा कळली. आमच्या कोडमध्ये आत्ताच जाऊन पाहिले. आहे.

जुनेखोड

आता एक्सजेसीच्या वाटेने जाणार असाल तर आयएसओ २००२२ च्या स्कीमात काय वाढून ठेवले आहे ते सांगतो.

सुरुवात मुळापासूनच अडते. या संदेशांचे मूळ एलिमेंट डॉक्युमेंट या नावाचे आहे आणि त्याचा प्रकारही त्याच नावाने वेगळा घोषित केलेला आहे. प्रकार असा नावानिशी वेगळा असला की एक्सजेसी त्या क्लासवर मूळ एलिमेंटचे अ‍ॅनोटेशन लावत नाही, कारण तोच प्रकार दुसऱ्या एखाद्या एलिमेंटलाही असू शकतो असे ते गृहीत धरते. परिणामी ऑब्जेक्ट थेट लिहायला गेलात की मूळ एलिमेंटचे अ‍ॅनोटेशन नाही अशी तक्रार येते. निर्माण झालेल्या कोडमध्ये हात घालून ते अ‍ॅनोटेशन चिकटवू नका. पुढच्या बिल्डमध्ये ते पुसले जाईल. सोबत निर्माण झालेल्या ऑब्जेक्ट फॅक्टरीतून वेष्टन घालून घ्या, तिचे काम तेच आहे.

दुसरे, तारखा. एक्सएसडीतली तारीख एक्सएमएल ग्रेगोरियन कॅलेंडर या अवजड प्रकारात उतरते. बाइंडिंगची वेगळी फाइल लिहून तिथे लोकल डेट आणि तिचा अ‍ॅडॅप्टर नेमता येतो. हे पहिल्याच दिवशी करा, कारण तो कॅलेंडर एकदा कोडभर पसरला की उपटता येत नाही.

तिसरे, आणि माझ्या मते निर्णायक: आवृत्त्या. प्रत्येक संदेशाच्या प्रत्येक आवृत्तीचा नेमस्पेस वेगळा असतो, त्यामुळे प्रत्येकीचे क्लास वेगळ्या पॅकेजमध्ये निर्माण करावे लागतात. प्रकारांच्या नावातच क्रमांक असतात. पैसे पाठवण्याच्या सूचनेच्या तिसऱ्या आवृत्तीत पक्षकाराची ओळख सांगणाऱ्या प्रकाराच्या नावापुढे ३२ आहे, नवव्या आवृत्तीत १३५. अर्थ बहुतांशी तोच, क्लास मात्र संपूर्ण परका. आपला व्यवसायाचा कोड जर ३२ क्रमांकाच्या क्लासवर उभा असेल, तर आवृत्ती बदलताना तो सगळा पुन्हा लिहावा लागेल.

म्हणून निर्माण झालेले क्लास उंबरठ्याबाहेरच थांबवावेत. आत आपले स्वतःचे, आपल्या भाषेतले, मोजके क्लास असावेत आणि उंबरठ्यावर एक रूपांतराचा थर. मॅपस्ट्रक्टसारखे साधन त्या थरातले बरेचसे यांत्रिक काम कंपाइल करतानाच लिहून देते. अर्धविराम यांना हवे असलेले बारा फील्डांचे नेटके क्लास ते हेच. फक्त ते एक्सएमएलला चिकटलेले नसावेत, एवढे माझे म्हणणे आहे. मग ते रेकॉर्ड असले तरी हरकत नाही.

अर्धविराम

हा थर फुकट येत नाही, हेही लिहायला हवे. प्रत्येक नवे फील्ड तीन जागी जाते: निर्माण झालेल्या क्लासमध्ये ते आपोआप येईल, पण आतल्या क्लासमध्ये आणि रूपांतरात हाताने. मी असा प्रकल्प पाहिला आहे जिथे संदेश एकच होता, आवृत्ती कधी बदलली नाही, आणि तरीही चार थरांतून एकच नाव इकडून तिकडे वाहून नेले जात होते. ज्यांना एकाच संदेशातली मूठभर मूल्ये वाचायची आहेत, त्यांनी थेट एक्सपाथने (एक्सएमएलमधली जागा दाखवणाऱ्या पत्त्याने) ती उचलावीत. डेटा बाइंडिंगची गरजच नाही. किंवा मॉक्सी पाहावे. ते जॅक्सबीचेच एक रूप असून फील्डला एक्सपाथने जागा दाखवू देते, त्यामुळे खोलवरचे मूल्य एका सपाट क्लासमध्ये आणता येते.

कडीकोयंडा यांच्या बाबतीत मात्र संदेश लिहायचे आहेत आणि आवृत्ती बदलत राहणार आहे, तेव्हा जुनेखोड यांचा सल्ला योग्य आहे हे मान्य करतो.

तळटीप

जॅक्सबीच्या बाबतीत जावा १७ ची गोष्ट अजून कुणी काढली नाही, ती काढतो. जावा ९ मध्ये जॅक्सबी नापसंत ठरवले गेले आणि २०१८ मध्ये जावा ११ मधून काढून टाकले गेले. आपला जावा ८ वरचा कोड १७ वर नेला की जावाएक्स पॅकेजमधला जॅक्सबीचा क्लास सापडत नाही, या तक्रारीने तो थांबेल. एपीआय आणि रनटाइम ही दोन्ही अवलंबित्वे आता आपणच जोडायची.

खरी गोम पुढे आहे. आवृत्ती ३ पासून पॅकेजचे नाव जावाएक्स ऐवजी जकार्ता झाले. आवृत्ती २ ची मालिका जुन्या नावाने चालते, ३ आणि ४ नव्या नावाने, आणि ४ ला किमान जावा ११ लागते. क्लासवर जुन्या नावाची अ‍ॅनोटेशन आणि चालवणारा रनटाइम नव्या नावाचा, अशी सरमिसळ झाली तर रनटाइमला ती अ‍ॅनोटेशन दिसतच नाहीत. त्याच्या लेखी तो बिनअ‍ॅनोटेशनचा साधा क्लास असतो. तक्रार येते ती 'मूळ एलिमेंटचे अ‍ॅनोटेशन नाही' अशी, आणि आपण समोर लिहिलेल्या अ‍ॅनोटेशनकडे पाहत डोके खाजवत बसतो. इम्पोर्टची ओळ पाहावी. स्प्रिंग बूट ३ या जावा फ्रेमवर्कवर जाणार असाल तर तिथे सर्वत्र जकार्ताच आहे, आणि एक्सजेसी चालवणारे मेव्हन प्लगिनही त्याच पिढीचे घ्यावे लागते. जॅक्सनला जॅक्सबीची अ‍ॅनोटेशन वाचायला लावणारी मॉड्यूलेही याच कारणाने दोन आहेत, एक जुन्या नावासाठी आणि एक नव्या.

कडीकोयंडा

उशिरा उत्तर देत आहे, कारण मधले तीन आठवडे प्रयोगात गेले. काय ठरले ते लिहितो.

'सर्वत्र एकच साधन' हा हट्ट सोडला. वरिष्ठांना पटवण्यासाठी जुनेखोड यांचा आकाराच्या मालकीचा प्रश्न जसाच्या तसा विचारला आणि ते काम झाले. आयएसओ २००२२ साठी जॅक्सबी ४, एक्सजेसीने निर्माण केलेले क्लास प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळ्या मॉड्यूलमध्ये, आत आमचे रेकॉर्ड आणि मध्ये मॅपस्ट्रक्ट. बाहेर जाणारा प्रत्येक संदेश स्कीमावर तपासूनच जातो. हे लावल्यावर पहिल्याच दिवशी असे आढळले की आमचा जुना कोड पत्त्याची एक ओळ ठरलेल्या लांबीपेक्षा मोठी पाठवत होता आणि समोरची संस्था तो संदेश नाकारत असे. आमच्याकडे त्याची नोंद 'नेटवर्कची अडचण' अशी होती.

सेटिंगसाठी जॅक्सन घेतले. जुन्या फायली वाचून नव्या स्वरूपात लिहिणारा एक छोटा प्रोग्राम केला, त्यात शेवटचे एकदा नवे एक्सस्ट्रीम, परवानगीच्या यादीसह, आणि तेही वेगळ्या प्रोसेसमध्ये. कुलूपकिल्ली, आपले विशेष आभार.

मोठी फाइल स्टॅक्स आणि जॅक्सबीने वाचतो. रात्रपाळी यांनी सांगितल्याप्रमाणे सलग आणि ओळी पाडलेल्या, अशा दोन्ही फायलींवर चाचणी केली. एक शंका मात्र राहिली आहे. फायलीत मध्येच एखादी नोंद बिघडलेली असेल, म्हणजे एक्सएमएल म्हणून सुघटित पण स्कीमाप्रमाणे चुकीची, तर सध्या सगळी फाइलच थांबते. ती नोंद बाजूला काढून पुढे जाता येईल का?

रात्रपाळी

येईल, पण त्यासाठी स्कीमा त्या वाचकावर लावू नका, कारण चूक आढळून अनमार्शलर मध्येच सुटला की वाचक नोंदीच्या पोटात कुठेतरी अडकून राहतो आणि पुढची नोंद कुठे सुरू होते हे आपल्याला कळत नाही. आधी तेवढी नोंद वाचकाकडून एका छोट्या डॉममध्ये उतरवून घ्या, म्हणजे वाचक सुखरूप तिच्यापलीकडे पोहोचतो. मग त्या डॉमवर स्कीमासह अनमार्शल करा. ते फसले तर तोच डॉम, कारणासह, नाकारलेल्या नोंदींच्या फायलीत लिहून टाका. मात्र स्कीमात त्या नोंदीचे एलिमेंट वरच्या पातळीवर घोषित असायला हवे, नाहीतर तुकड्याची तपासणी पहिल्याच टॅगला अडेल. ते नसेल तर आपल्या बाजूला एक छोटी एक्सएसडी लिहून तिथे त्या प्रकाराचे एलिमेंट घोषित करावे लागेल. आणि फाइलच जर सुघटित नसेल, म्हणजे टॅग तुटलेला असेल, तर तिथून पुढे जाण्याचा प्रयत्न करू नये. ती परत पाठवावी.

कडीकोयंडा

एलिमेंट वरच्या पातळीवर घोषित नाही, प्रकार मात्र नावाने आहे. म्हणजे छोटी एक्सएसडी लिहावी लागणार. उद्या करून पाहतो.